मानेवरची रेघ

सोमवारची दुपार होती आणि सलूनचं शटर निम्मं खाली ओढलेलं होतं. आमच्या धंद्यात सोमवार सुट्टीचा. मी खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकली आणि म्हणालो, "बस वर."

ईश्वरीनं फळीकडं बघितलं. "ती बारक्यांची आहे. मी आठ वर्षांची आहे पप्पा."

"आठ म्हणजे बारकंच. बस."

"तेल लावणार असाल तर नको. मम्मीनं लिहून दिलंय, तेल बुधवारी आणि शनिवारी."

मम्मीनं, म्हणजे शैलजानं, म्हणजे दोन वर्षांपूर्वी जिच्याशी माझा घटस्फोट झाला तिनं, दोनशे पानी वही लिहून दिली होती. कोर्टाच्या हुकमाप्रमाणं मे महिन्याची निम्मी सुट्टी पोर माझ्याकडं. पोरीबरोबर कपड्यांची बॅग आली आणि बॅगेत ही वही. दूध कोणतं, झोप किती वाजता, पोटात दुखलं तर काय द्यायचं. तिथवर मी सोसलं. मग नवव्या पानावर मथळा: केस. पुढं चार पानं. रुंद दातांचा कंगवा आधी, बारीक नंतर. गुंता टोकाकडून सोडवायचा, मुळाकडून ओढायचं नाही. ओले केस बांधायचे नाहीत. आणि शेवटी खाली रेघ मारून: जमलं नाही तर शेजारच्या सावंत काकूंकडं पाठवणे.

मी मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत बावीस वर्षं सलून चालवत होतो. त्याच खुर्चीमागं उभं राहून माझ्या बापाचं आयुष्य गेलं. डोक्याच्या ऑपरेशनआधी पेशंटचं डोकं करायला डॉक्टर लोक मला बोलवायचे, कारण जिथं टाके पडायचे तिथं एक केस राहिलेला चालत नाही आणि एक ओरखडाही चालत नाही. अशा माणसाला बाईनं केसांवर चार पानं लिहून दिली होती. तीसुद्धा कमी पडली तर सावंत काकू.

आमचा घटस्फोट का झाला ते विचारायची गरज नाही. माझ्या तोंडामुळं झाला. लोक म्हणतात, दोन्ही हातांनी टाळी वाजते. आमच्यात मी एकट्यानंच इतकी वाजवली की शैलजाला हात हलवायची वेळच आली नाही. मी दारू प्यायचो नाही, हात उचलायचो नाही, आणि या दोन गोष्टींच्या जोरावर मला बाकी सगळं माफ आहे अशी माझी समजूत होती. कोर्टानं मला पहिला आणि तिसरा शनिवार-रविवार दिला. रविवार म्हणजे न्हाव्याचा सगळ्यात गर्दीचा दिवस. मी जज्ज मॅडमना म्हटलं, सोमवार द्या. मॅडम म्हणाल्या, सोमवारी तिची शाळा असते. हे मला सुचलं नव्हतं. मी बाप होतो, मला कसं सुचणार?

तर त्या सोमवारी मी वहीप्रमाणं रुंद दातांचा कंगवा घेतला. पोरीचे केस कमरेपर्यंत. शैलजानं तिच्या जन्मापासून वाढवलेले, दाट, जड. पुरुषांची डोकी करण्यात मुरलेल्या हाताला हे केस म्हणजे परक्या गावचा रस्ता. पाच मिनिटांत मला घाम फुटला आणि कंगवा निम्म्यात अडकला.

"आई गं," ईश्वरी म्हणाली. मग जरा थांबून, मला समजावल्यासारखं: "मम्मी करते तेव्हा दुखत नाही."

त्याच वेळी मला ऊ दिसली.

एकच होती. पण मला ती देवानं धाडलेली वकीलच वाटली. मी ती पकडून आरशासमोरच्या पांढऱ्या फरशीवर ठेवली.

"ही काय आहे?"

"ऊ."

"तुझ्या मम्मीच्या वहीत उवांवर किती पानं आहेत?"

"नाहीत."

"नाहीत ना? म्हणजे तिला सगळं येतं असं नाही."

ईश्वरी आरशातून माझ्याकडं बघत राहिली. माझा आवाज कुठल्या दिशेनं निघालाय हे ओळखायची सवय त्या पोरीला पाळण्यापासून होती.

मी तिच्या अंगाभोवती कपडा टाकला, मानेशी गाठ मारली, शेपटा मुठीत धरला आणि कापला. एका दमात कापला गेला नाही. तीन-चारदा कात्री चालवावी लागली, इतका जाड होता. तो हातात आला तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मी तो खाली टाकला, आणि संध्याकाळी तो गिऱ्हाइकांचे केस भरायच्या पोत्यात गेला.

पण खुर्चीत जे उरलं ते भयाण दिसत होतं. एका बाजूला दोन बोटं जास्त, मागं खाच पडलेली. असं डोकं माझ्या खुर्चीतून उठून रस्त्यावर गेलं असतं तर मला घास गिळला नसता. पोरीचं तोंड बघून माझा हात थांबला नव्हता. केसांची पातळी बघून मात्र तो शांत बसेना. मी बाजू जुळवल्या. खाच भरून काढली. कानामागं गोलाई दिली. शेवटी नवं पातं घालून मानेवर वस्तरा फिरवला आणि रेघ काढली. अर्धा तास मी जीव ओतून काम केलं. पोर एवढा वेळ कपड्याखाली दोन्ही हात धरून बसली होती. इतकं गप्प गिऱ्हाईक मला आयुष्यात मिळालं नाही. मी मनात म्हटलं, बघ, कशी शहाण्यासारखी बसलीय.

शटरखालून वाकून माझी आई आत आली. चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवला आणि पोरीच्या डोक्याकडं बघितलं.

"तिच्या आईला विचारलंस?"

"उवा झाल्या होत्या."

"मी काय विचारलं दिगू?"

"मी बाप आहे तिचा."

"बाप आहेस ते मला माहीत आहे. मी होते तिथं. विचारलंस का ते सांग."

मी चहा प्यालो.

सुट्टी संपली तेव्हा पोरीला सांगलीला सोडायला मी स्कूटर घेऊन गेलो. दारापर्यंत सोडायचं असं हुकमात लिहिलं होतं. मी गल्लीच्या तोंडाशी तिला उतरवलं, बॅग हातात दिली आणि गाडी वळवली. इतका शूर माणूस मी.

आठ दिवसांत शैलजाचा अर्ज आला. वडिलांनी सूडबुद्धीनं मुलीचे केस कापले, मुलगी घाबरून 'मीच कापले' असं सांगते, तरी तिला वडिलांकडं मुक्कामाला पाठवणं बंद करावं.

माझे वकील मगदूम. जाड भिंगाचा चष्मा, सतत बडीशेप चघळणार. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"बघा क्षीरसागर, तुम्ही कापले असतील तर तो सूड. पोरीनं कापले असतील तर ते दुर्लक्ष. दुर्लक्ष सगळेच बाप करतात, त्याला कोर्ट रागावतं आणि सोडून देतं. सुडाला सोडत नाही."

"मग?"

"मग काही नाही. पोरगी काय म्हणतीय ते त्यांच्याच अर्जात आलंय. मॅडम तिला आत घेऊन विचारणार. मी तुम्हाला काही विचारत नाही. तुम्ही मला काही सांगू नका."

"सांगण्यासारखं..."

"सांगू नका म्हटलं ना?" त्यांनी बडीशेपेची डबी पुढं केली. मी चिमूटभर घेतली. एवढ्यात आमचं ठरलं.

तारीख शुक्रवारी होती. मॅडमनी ईश्वरीला एकटीला चेंबरमध्ये घेतलं. आम्ही बाहेर बाकावर, एका टोकाला शैलजा, दुसऱ्या टोकाला मी. लग्नात ती मला 'अहो' म्हणायची. घटस्फोटानंतर तिनं 'तू' सुरू केलं, आणि ते तिच्या तोंडी इतकं बसलं की मला वाटायचं, मनात आधीपासून तेच असणार. त्या दिवशी ती चेंबरच्या दाराकडं बघत बसली होती. मी माझ्या मनात हिशेब मांडत होतो की मुक्काम बंद झाला तर काय राहील. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी रात्री पोर माझ्या आईच्या कुशीत झोपायची आणि झोपेत पाय माझ्या अंगावर टाकायची. महिन्यातून दोनदा. तेवढंच होतं माझ्याकडं, आणि तेवढं मला जाऊ द्यायचं नव्हतं. त्यासाठी मी वाटेल ते केलं असतं. करतही होतो.

वीस मिनिटांनी शिपायानं आम्हाला आत बोलावलं. ईश्वरी मॅडमच्या टेबलाजवळच्या खुर्चीत, पाय लोंबकळत. समोर बिस्किटाचा पुडा, न फोडलेला.

मॅडम म्हणाल्या, "ईश्वरी सांगते, तिनं स्वतः केस कापले. दुपारी तुम्ही झोपला होता, तिनं दुकानातली कात्री घेतली. बरोबर आहे का क्षीरसागर?"

ईश्वरी माझ्याकडं बघत नव्हती. बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र बघत होती.

"हो मॅडम," मी म्हणालो. आणि एवढ्यावर थांबावं ना? नाही. "दिवसभर उभं राहून पाय दुखतात. डोळा लागला माझा. चूक झाली."

सोमवारी दुकान बंद, दिवसभर मी उभा नव्हतोच. पण एकदा का माणूस खोट्याला लागला की सजावटसुद्धा करतो.

मॅडम शैलजाकडं वळल्या. "तुम्ही अर्जात लिहिलंय, वडिलांनी कापले. तुमच्याकडं काही आहे का, असं म्हणायला?"

शैलजानं पोरीकडं बघितलं. मग म्हणाली, "ती म्हणते तर तसंच असेल. मी अर्ज मागं घेते."

तिची वकील बाई खुर्चीतून निम्मी उठली. "अहो शैलजाताई..."

"मागं घेते म्हटलं."

बाहेर आल्यावर मगदुमांनी माझा हात दाबला. "झालं. सुटलात." आणि दुसऱ्या पुकाऱ्याला पळाले. मी बाकाजवळ उभा राहिलो आणि चेहरा साधा ठेवायचा प्रयत्न केला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा साधा राहत नाही. पोर नळावर पाणी प्यायला गेली होती. तेवढ्यात शैलजा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला वाटलं, मला कळलं नाही?"

"काय?"

"त्या दिवशी दारात आली तेव्हा मी पहिली तिची मान बघितली. वस्तरा मारलेला. सरळ रेघ. कानामागं गोल." ती हळू बोलत होती, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "दहा वर्षं तुझ्या हातची डोकी बघितलीत मी. बाजारात एखादा माणूस पाठमोरा दिसला तरी मला कळायचं, हा आपल्या दुकानातून आलाय. आठ वर्षांची पोर स्वतःच्या मानेवर रेघ काढते होय रे? तू वेडंवाकडं ठेवलं असतंस तर कदाचित मी मानलं असतं."

खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो असा, की तिनं काम चांगलं झालंय हे कबूल केलं.

"मग आत का नाही बोललीस?"

"बोलले असते तर मॅडमनी तिला परत विचारलं असतं. का खोटं बोललीस, कुणी शिकवलं, सांग. तिला तसं उभं करायला मी काय तू आहे?"

ईश्वरी ओठ पुसत आली. शैलजानं खांद्यावरची छोटी बॅग काढून माझ्याकडं दिली. तिनं ती सकाळीच भरून आणली होती, निकाल विरुद्ध लागलाच तर म्हणून.

"उद्या तुझा शनिवार आहे. आजच ने. मला आज जरा एकटीला बसायचंय."

मी पोरीला मागं बसवलं आणि स्कूटर मिरजेच्या रस्त्याला लावली. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. पुढं चार गाड्या होत्या. ईश्वरीनं मागून माझ्या शर्टाला ओढलं.

"पप्पा, मी बरोबर बोलले ना?"

"हो."

"अडखळले नाही. मॅडमनी दोनदा विचारलं, दोनदा सारखंच सांगितलं."

"हं."

"आता मम्मीसाठी एक बोलायला पाहिजे."

"काय बोलायला पाहिजे?"

"खोटं." तिनं ते 'दूध प्यायला पाहिजे' म्हणावं तसं सांगितलं. "तुमच्यासाठी एक झालं. आता तिच्यासाठी एक. वाढदिवस एक तुमच्याकडं, एक तिच्याकडं असतो. सुट्टी पण निम्मी निम्मी. मग हे पण सारखं व्हायला पाहिजे."

रांग पुढं सरकली. मी गाडी पायानं ढकलली.

"मी ठरवून ठेवलंय," ती म्हणाली. "परत मॅडमनी बोलावलं की सांगणार, पप्पा मला मारतात."

"मी कधी मारलंय तुला?"

"नाही मारलं. म्हणून तर ते खोटं आहे ना." मी मठ्ठ असल्यासारखा तिचा आवाज झाला. "एकदाच सांगणार. मग झालं सारखं."

"दादा, किती टाकू?" पंपावरची बाई विचारत होती. तिनं दोनदा विचारलं असावं, कारण मागचा हॉर्न वाजवायला लागला होता.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे जी मी मघाशी गाळली. सोमवारचं सगळं सांगितलं, ऊ सांगितली, वस्तरा सांगितला, आईचा चहासुद्धा सांगितला. हे सांगितलं नाही. या सगळ्याला आता अकरा वर्षं झाली, अजून ते गाळायचीच सवय आहे.

आई निघून गेल्यावर ईश्वरी फळीवरून उतरली आणि म्हणाली, "मम्मी ओरडेल."

"कुणावर?"

"तुमच्यावर. परत भांडण होईल. मग मी सांगू का, मी कापले म्हणून?"

मी तिला 'सांग' म्हणालो नाही. तीन आठवडे मी स्वतःला हेच ऐकवत होतो, की मी 'सांग' म्हणालो नाही. खरंच नाही म्हणालो. मी म्हणालो, "शहाणी गं माझी बाय," आणि शटर वर करून तिला कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं आणि तिथली सगळ्यात मोठी आईस्क्रीमची कांडी घेऊन दिली. तिनं ती निम्मी खाल्ली आणि निम्मी मला दिली.

मी पेट्रोल न भरता गाडी रांगेतून बाहेर काढली.

"घरी नाही जायचं?"

"काहीतरी राहिलंय कोर्टात."

शैलजा त्याच बाकावर बसली होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. आम्हाला बघून ती उठली. "काय झालं? बरं वाटत नाही का तिला?"

"तिला काही नाही झालं. मी आत जाऊन सांगतो."

"काय सांगतोस?"

"मी कापले ते."

तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. दहा वर्षांत मी तिच्यासमोर बरीच नाटकं केली होती, त्यामुळं तिचा दोष नाही.

"आता कशाला? मोठेपणा घ्यायला? मी मागं घेतलाय अर्ज. गप घरी जा."

"ती आता तुझ्यासाठी खोटं बोलणार आहे," मी म्हणालो. "मॅडमना सांगणार आहे, मी मारतो. सारखं व्हायला."

शैलजा खाली बसली. ईश्वरी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. तिचं गुपित मी असं उघड्यावर बोललो हे तिला आवडलं नव्हतं.

शिपायानं सांगितलं, मॅडम सह्या करतायत, थांबा. आम्ही तिघं बाकावर बसलो. पोर मधे. तीन वर्षांत आम्ही तिघं एका बाकावर बसलो नव्हतो, आणि आता बसलो तर कुणाला कुणाशी बोलायचं नव्हतं. मगदुमांना फोन लावला. त्यांनी उचलला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "क्षीरसागर, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी येत नाही. जाऊ नका आत." मी गेलो.

मला वाटलं होतं, खरं सांगायला दोन मिनिटं लागतात. अर्धा तास लागला. मॅडमनी प्रत्येक गोष्ट सुटी करून विचारली. ऊ खरी होती का? होती. मग औषध का नाही आणलं? वही कुठं आहे? आईस्क्रीम कुणी मागितलं, तिनं का तुम्ही दिलं? या प्रश्नाला मी अडखळलो. आठ वर्षांची पोर दोनदा विचारूनही अडखळली नव्हती.

"मघाशी इथंच उभं राहून तुम्ही मला खोटं सांगितलंत," मॅडम म्हणाल्या. "आता तिच्या मुक्कामाबद्दल मला परत विचार करावा लागेल. कळतंय ना?"

"हो मॅडम."

"मग का आलात?"

मला वाटतं इथं एखादं चांगलं वाक्य यायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "तिला सवय लागेल."

"लिहून द्या."

मी बाहेर टेबलावर बसून लिहिलं. तीन कागद फाडले, चौथा दिला.

बाकावर ईश्वरी शैलजाच्या मोबाईलवर काहीतरी खेळत होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"मी आत खरं सांगितलं. केस मी कापले म्हणून."

तिनं मोबाईल खाली केला. "मग मी खोटारडी झाले."

"तू नाही. मी झालो."

"पण मी तुमच्यासाठी बोलले होते." तिचा चेहरा आक्रसला. "इतकं चांगलं बोलले होते. तुम्ही सगळं खराब केलं."

ती उठून शैलजाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. ती आता माझ्याबरोबर येणार नव्हती. बॅग मी शैलजाकडं परत दिली. त्या शनिवारी मी सलून सकाळी सहाला उघडलं.

पुढच्या तारखेला हुकूम झाला. सहा महिने मुक्काम बंद. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी दोन तास, कोर्टाच्या बालकक्षात, समुपदेशक बाईंच्या समोर. मगदुमांनी मला हुकमाची प्रत दिली आणि बडीशेप दिली नाही.

बालकक्ष म्हणजे एक खोली. भिंतीवर ससा आणि जिराफ. प्लॅस्टिकची घसरगुंडी, मोठ्या पोरांच्या ढुंगणाखाली वाकलेली. कोपऱ्यात समुपदेशक बाई, पुढ्यात छापील फॉर्म. माझ्यासारखे आणखी दोन-तीन बाप असायचे, प्रत्येकाच्या हातात काहीतरी महागडं खेळणं. आम्ही एकमेकांकडं बघायचो नाही.

खरं बोलल्यावर पोर माझ्या गळ्यात पडेल असं चित्र मी मनात काढून ठेवलं होतं. पहिल्या शनिवारी ईश्वरी दोन तास चित्रात रंग भरत बसली. मी विचारलं, शाळा कशी आहे? "बरी." दुसऱ्या भेटीत मी लक्ष नसल्यासारखं दाखवून तिच्या वहीत डोकावलो, तर तिनं वहीवर हात आडवा धरला. घरी येऊन मी आईवर चिडलो, म्हणालो, खरं बोलून काय मिळालं मला? आई म्हणाली, "तुला मिळायचं होतं होय ते?"

तिसऱ्या भेटीला ती आली तेव्हा केस मानेवर उतरायला लागले होते. तिनं दप्तर ठेवलं, माझ्यासमोरच्या छोट्या खुर्चीत बसली आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "मला केस कापायचे नव्हते."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही मला विचारलं नाही. मी हात धरून बसले होते, तुम्हाला दिसलं नाही. मला फार राग आला होता. अजून येतो. रोज सकाळी शाळेत जाताना येतो." तिचा आवाज चढत गेला. बाकीचे बाप वळून बघायला लागले. "आणि तुम्ही मला आईस्क्रीम दिलं. मला ते नको होतं. मी निम्मं तुम्हाला दिलं कारण मला ते नको होतं."

"हो," मी म्हणालो.

"नुसतं हो काय?"

"माझं चुकलं. मला दिसलं होतं, तू हात धरून बसली होतीस ते. मी बघितलं आणि कापत राहिलो."

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. लाल तोंडानं माझ्याकडं बघत राहिली, आणखी काही राहिलंय का ते आठवत असल्यासारखी. मग उठली आणि घसरगुंडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. उरलेला दीड तास ती माझ्याकडं फिरकली नाही. मी तिला चढताना आणि घसरताना बघत बसलो.

वेळ संपल्यावर समुपदेशक बाईंनी मला टेबलाशी बोलावलं. भेट कशी झाली या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: मूल वडिलांवर चिडलेले आहे आणि ते उघडपणे बोलते. त्या जरा ओशाळून म्हणाल्या, "असं लिहावं लागतं. तुमची हरकत असेल तर खाली लिहू शकता."

हरकतीसाठी चार ओळी मोकळ्या होत्या. मी त्या सोडून दिल्या आणि खाली सही केली.